मावशींचं देणं

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आम्हाला रुग्णाचे हक्क शिकवले, नातेवाइकांशी कसं बोलावं ते शिकवलं, केसची टिपणं कशी ठेवावीत तेही शिकवलं. खवळलेल्या माणसाच्या खोलीत शिरल्यावर नेमकं कुठे उभं राहायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ते मला चिकलठाण्यात एका मावशींनी शिकवलं. शाळा चौथीत सुटलेली, गाव बदनापूरकडचं, नवरा एमआयडीसीत प्रेसवर कामाला आणि स्वतः त्या आमच्या रुग्णालयात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ‘सफाई कामगार’. मनोरुग्णांमध्ये उभी हयात काढून मी आज धडधाकट आहे आणि मुख्य म्हणजे रुग्णांची भीती मनात न बाळगता काम करते आहे, ते त्यांच्यामुळे. हे देणं पैशाने फिटणारं नाही आणि मावशींनी ते कधी मागितलंही नाही. निदान लिहून ठेवावं, म्हणून हा प्रपंच.

जालना रोडवरून औद्योगिक वसाहतीत आत वळलं की मागच्या एका गल्लीत आमचं ते लहानसं खाजगी मानसोपचार रुग्णालय होतं. आता तिथे गोदाम आहे. विमान उतरायला लागलं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि नवा रुग्ण दचकून खाटेखाली पाहायचा. शेजारच्या शेडमध्ये मोटारींचे सुटे भाग ठोकणारे पॉवर प्रेस होते. त्यांचा ठोका दिवसभर आमच्या भिंतीतून यायचा. त्या कंपनीच्या फाटकावर एक काळा फळा होता. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा रोज सकाळी सुरक्षा अधिकारी खडूने बदलायचा. चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की तिथे झेंडा लागायचा, कामगार हात पुढे करून शपथ घ्यायचे आणि मावशींचे मालक घरी एक स्टीलचा डबा घेऊन यायचे.

आमच्या फाटकावर असा फळा नव्हता.

राज्यात मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात त्या काळी एकही नव्हतं. जालन्याला मंजुरी मिळाली ती अगदी अलीकडे. त्यामुळे जालना, बीड, परभणी, पलीकडे बुलढाणा, इथला माणूस बिघडला की एक तर घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, नाहीतर आमच्यासारख्या ठिकाणी यायचा. आणि यायचा तो बहुतेक वेळा फसवून. राजूरच्या गणपतीला जाऊ, मामाकडे लग्न आहे, रक्त तपासून लगेच परत येऊ असं सांगून त्याला जीपमध्ये बसवायचं आणि आमच्या दारात उतरवायचं. एवढं झाल्यावर त्याने हात उचलला, की नातेवाईक आमच्याकडे वळून म्हणणार, “बघा, असा करतो!”

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मनोरुग्ण म्हणजे मारका माणूस, ही समजूत साफ खोटी आहे. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी बहुतेकांनी कुणाला बोटही लावलं नाही. उलट त्यांच्याच पाठीवर वळ असायचे. हाणामारीची वेळ येते ती थोड्यांच्या बाबतीत, थोडा काळ, आणि तिला बहुधा कारण असतं. मावशींना ती कारणं पाठ होती. उपाशीपोटी आहे, झोप झालेली नाही, तंबाखू तोडलीय, किंवा खोटं बोलून आणलंय. नवा रुग्ण आला की डॉक्टर फाइल उघडायच्या आत मावशी विचारायच्या, “जेवलास का रे बाळा?” पन्नाशीचा असला तरी बाळाच. निम्म्या वेळा त्या एका प्रश्नावर ताणलेले खांदे खाली यायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि ओढणी काढून ठेवायला लावली. गळ्यातल्या ओळखपत्राची फीतही. त्या स्वतः पदर कमरेला घट्ट खोचायच्या, वेणी न घालता अंबाडा बांधायच्या, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत पिनेने टाचायच्या आणि काचेच्या बांगड्या कामावर कधी घालायच्या नाहीत. “धरायला काय गावलं नाही पायजे, अन् फुटायला बी काय नको.” वॉर्डात चहा जायचा तो कोमट होऊनच. ड्रेसिंगची ट्रे आत नेताना आणि बाहेर आणताना त्या कात्र्या, चिमटे मोजायच्या, आणि मोजदाद पुरी होईपर्यंत कुणी कितीही घाई केली तरी ट्रे सोडायच्या नाहीत.

खोलीत शिरण्याची त्यांची रीत तर मी आजही जशीच्या तशी करून दाखवू शकते. आधी दारावर टकटक. कुलूप बाहेरून आपणच लावलेलं असलं तरी टकटक करायचीच, कारण ती खोली त्या घटकेला त्याची असते. मग नावाने हाक. मग आत, पण सरळ समोर नाही, जरा तिरपं उभं राहायचं, दोन्ही हात दिसतील असे मोकळे, हाताच्या टप्प्याबाहेर. डोळ्यात डोळे घालून बघत राहायचं नाही आणि पाठही फिरवायची नाही. आवाज त्याच्या आवाजापेक्षा खाली. आपण दाराच्या बाजूला, पण चौकट अडवून नाही. याचं कारण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आपली वाट सोडू नका ताई, अन् त्याचीबी आडवू नका. भेलेल्या माणसाला दार दिसलं पायजे.” पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात पडद्यावर हेच सगळं आकृत्या काढून दाखवलं. मी वहीत काहीच उतरवून घेतलं नाही. माझं ते शिक्षण आधीच झालं होतं.

एका पावसाळी रात्री करमाडच्या पुढच्या एका खेड्यातून एका तरुणाला आणलं. चौघांनी दाबून धरलेला, मनगटं दोरखंडाने बांधलेली, दोरीखालची कातडी सोललेली. कितीतरी रात्री झोपला नव्हता. डॉक्टर घरून निघाले होते. वॉर्डात मी, एक ब्रदर, मावशी आणि फाटकावरचा वॉचमन, एवढेच. मावशींनी आधी त्या चौघांना मागे सरकवलं आणि दोरी सोडायला घेतली. ब्रदर बिचकला. मावशी म्हणाल्या, “बांधलेलं जनावर बी लाथ मारतंय. ह्यो तर माणूस हाय.” २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ जण पळता न आल्यामुळे जळून गेले. मावशींना एरवाडी ठाऊक नव्हती, पण बांधलेल्या माणसाचं काय होतं ते ठाऊक होतं.

दोरी सुटली, तो पाणी प्याला, खाटेवर टेकला. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलेलं हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनचं इंजेक्शन ब्रदरने भरलं. मावशी त्याला सांगत होत्या, सुई आहे, झोपेची आहे, दुखेल थोडी. त्याने दंड पुढे केला. आणि तेवढ्यात दारातून त्याचा काका हसून म्हणाला, “आता कसा सापडला!”

पुढचं सगळं क्षणात झालं. सलाइनचा लोखंडी स्टँड त्याच्या हातात होता आणि तो ज्या बाजूला फिरला तिथे मी होते. मावशींनी मला खांद्याने भिंतीकडे ढकललं आणि स्टँड आपल्या मनगटावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ब्रदर आणि वॉचमनने त्याला गादीवर आडवं केलं. वॉचमन घाबरून त्याच्या पाठीवर गुडघा टेकायला गेला तर जमिनीवर बसलेल्या मावशी ओरडल्या, “छातीपाठीवर बसू नको रे, दम कोंडतो त्याचा! खांदे धर!” स्वतःचं मनगट लोंबत असताना ज्याने ते मोडलं त्याच्या श्वासाची काळजी करणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

घाटीत त्यांच्या हाताला प्लास्टर चढलं. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘घरी पाय घसरून पडल्या’ असं आलं. कंत्राटदाराने घरी बसलेल्या दिवसांची मजुरी कापली. मी भांडले. उत्तर मिळालं की, या कामात हे चालायचंच, आणि एवढंच वाटत असेल तर पोलिसात तक्रार द्या त्या मुलावर. मावशींनी हात जोडले. तक्रार द्यायची नाही. महिन्याभराने तो मुलगा बरा होऊन घरी निघाला. त्याला त्या रात्रीचं फारसं आठवत नव्हतं. त्याने प्लास्टर पाहून विचारलं, “मावशी, हाताला काय झालं?” मावशी म्हणाल्या, “वय झालं बाबा.” तो गेल्यावर मला म्हणाल्या, “आजारातलं त्याच्या माथी मारू नका, ताई. कामाधंद्याला लागू द्या त्याला.”

त्याच दिवशी त्या आणखी एक वाक्य बोलल्या. रागाने नाही, जसं दिसतं तसं. “आमच्या मालकाच्या कंपनीत कुणाचं बोट चेंगरलं तर मशीन बंद पडतं, साहेब पळत येतो, चार कागद व्हतात. हितं कुणी चावलं तर डेटॉल लावा म्हनतेत.”

मी पुढे या विषयावरचे कायदे वाचले, बैठकांना बसले, निवेदनं लिहिली. पण मुळातला प्रश्न त्या एका वाक्यात आला होता. आपल्याकडे रुग्णालयातल्या सुरक्षेचा विचार होतो तो गुन्हा आणि शिक्षेच्या भाषेत. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. २०१७च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर जबर हल्ला झाला, राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, आणि सरकारी रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान नेमले गेले. हे सगळं हवंच होतं. दारू पिऊन येणारे, काचा फोडणारे, डॉक्टरची कॉलर धरणारे नातेवाईक यांना कायद्याचा धाक पाहिजेच. पण त्या पावसाळी रात्रीच्या मुलाला हा कायदा काय करणार? आपण काय करतोय हे ज्याला वेडाच्या भरात कळत नाही त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही, हे भारतीय दंड विधानाच्या ८४व्या कलमात होतं आणि नव्या न्याय संहितेच्या २२व्या कलमातही आहे. ते योग्यच आहे. मग गुन्हेगार नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून मावशींची मजुरीही नाही, असा तो हिशोब लागतो.

शेजारच्या शेडमध्ये हिशोब वेगळा होता. कारखाने अधिनियम १९४८चा. त्याचं २१वं कलम फिरत्या यंत्रभागांना कुंपण घालायला सांगायचं. बोट कापलं तर प्रेसवर खटला भरायचा, असं तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे धोका आहे, तो आधीच माहीत आहे, म्हणून आड लावा. तरीही लागलं तर वहीत लिहा, भरपाई द्या आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं ते सांगा. मनोरुग्णाची यंत्राशी तुलना मी करत नाही, ते मावशींनाही खपलं नसतं. मी मावशींची तुलना त्यांच्या मालकांशी करते आहे. एकाच घरातून डबा घेऊन निघालेली दोन माणसं, एकाच गल्लीत शेजारी शेजारी काम करणारी. एकाच्या बोटाची सरकारदरबारी दखल होती, दुसरीच्या मनगटाची नव्हती.

रुग्णाच्या हक्कांवर बोट ठेवून काही जण म्हणतात की, कामगारांच्या सुरक्षेचा आग्रह धरला तर पुन्हा साखळदंड येतील. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचला की हा संशय राहत नाही. त्याने साखळीवर सरसकट बंदी घातली. ९७व्या कलमात म्हटलं की, तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच, गरजेपुरताच वेळ रुग्णाला धरून ठेवता येईल. शिक्षा म्हणून नाही आणि निव्वळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच. हे शेवटचं वाचताना मला मावशी समोर दिसल्या. माणसं कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधायचं नाही, हे कायद्याने बरोबर सांगितलं. मग त्या कमी माणसांचा भार पडतो कुणावर? रात्रपाळीच्या एकट्या ब्रदरवर, एकट्या सिस्टरवर, एकट्या मावशींवर. रुग्णाची अब्रू आणि मावशींचं मनगट, दोन्ही एकाच गोष्टीने वाचतात: रात्री वॉर्डात पुरेशी, शिकवून तयार केलेली माणसं असण्याने. त्या रात्री आणखी दोन जण असते तर एकाने त्या काकाला आधीच बाहेर बसवलं असतं.

१० मे २०२३ला केरळमधल्या कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात, पोलिसांनी उपचारांसाठी आणलेल्या एका माणसाने जखमेवर पट्टी बांधली जात असताना तिथलीच कात्री उचलली आणि डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरचा जीव घेतला. ती बातमी आली तेव्हा देशभर कायदे कडक करायची मागणी झाली. केरळने त्याच महिन्यात वटहुकूमही काढला. मला मात्र मावशींची ट्रे आठवत राहिली. कात्र्या मोजायला वटहुकूम लागत नाही. मोजणाऱ्या माणसाला कामावर ठेवावं लागतं, तिला वेळ द्यावा लागतो आणि ती थांब म्हणाली की डॉक्टरनेही थांबावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के जणांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. या आकड्यात मावशी नाहीत. त्या घरी पाय घसरून पडल्या होत्या.

शरीराला लागलेलं दिसतं तरी. त्या रात्रीनंतर मला वॉर्डात जायच्या आधी घाम फुटायचा. घरी स्टीलचं भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. मी कुणाला बोलले नव्हते. दुसऱ्यांना समुपदेशन करणारीने हे कुठे बोलायचं? मावशींनी ते ओळखलं. झटापट झाली की मागच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवायचं, चहा पाजायचा आणि ज्याने जे पाहिलं ते त्याने सांगायचं, ही त्यांची जुनी पद्धत. प्लास्टर घेऊन पहिल्यांदा कामावर आल्या त्या दिवशी त्यांनी तेच केलं. ब्रदर बोलला, वॉचमन बोलला. माझी पाळी आली तेव्हा मला रडू फुटलं. कुणी समजूत घातली नाही, की उपदेश केला नाही. मावशींनी डाव्या हाताने माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, “उद्या माझ्यासंगं चला आत. मी फुडं, तुम्ही मागं.” दुसऱ्या दिवशी गेलो. पुढे हळूहळू त्या मागे आणि मी पुढे झाले. माझी या पेशातली सगळी वर्षं त्या पायऱ्यांवर उभी आहेत.

ते रुग्णालय बंद पडल्यावर मी गावांमध्ये काम करू लागले. निघताना मावशींनी सांगितलं होतं, “कुणाच्या बी घरी गेलं तर गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावा. अन् कुठं चाललाव ते कुणाला तरी सांगून जावा.” मराठवाडा आणि विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा घरोघर जाऊन नैराश्याची विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आलं. कर्जाने पिचलेल्या, कधी प्यायलेल्या माणसाच्या ओसरीवर एकटी बाई बसून विचारणार, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? हे काम मोलाचं आहे आणि त्यातून जीव वाचतात. पण त्या बाईच्या जिवाचं काय? प्रशिक्षणाला मी जाते तिथे प्रश्नावलीच्या आधी मी गाडीचं तोंड, ओढणी, दार आणि सोबतीचं माणूस हे शिकवते. हे मावशींचं आहे, असं सांगून शिकवते.

मावशी आता थकल्या आहेत. थंडीत मनगट धरतं. मी भेटायला गेले की आधी जेवलीस का, हेच विचारतात. संसदेने २०२० साली कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची नवी संहिता केली. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना तिच्या कक्षेत येते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्यात कंत्राटी मावशा धरल्यात का?” कागदावर धरल्या आहेत. वॉर्डात धरल्या जातील की नाही, हे आपल्यावर आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरातल्या कुणाला मानसोपचारासाठी दाखल करायची वेळ आली, तर त्याला खरं सांगून आणा. मध्यरात्री काय करावं सुचेना तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर आधी बोला. आणि रुग्णालयाच्या काउंटरवर खर्चाची चौकशी कराल तेव्हा सोबत हेही विचारा: रात्री वॉर्डात किती माणसं असतात? मावशींना, ब्रदरना धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का? त्यांना लागलं तर ते कोणत्या वहीत लिहिता? ती वही दाखवायला सांगा.